कपाटातली इरकल

सांगलीहून आलेलं पत्र थोडं कमी करून देते आहे.

"ताई, सप्रेम नमस्कार. मी विश्रामबागला राहते, माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी माझे वडील मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. मिरजेला १७ दिवस आयसीयूत होते, जवळजवळ सगळा वेळ व्हेंटिलेटरवर. नवव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी घातली. त्याआधी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून विचारलं होतं, 'पुढं काय करायचं?' दुबईहून आलेला माझा मोठा भाऊ म्हणाला, 'सगळं करा, पैशाचं बघू नका.' मी गप्प राहिले. खरं तर त्याच्या दोन वर्षं आधी अण्णा शेजारच्या काकांना दवाखान्यात बघून आले होते आणि चहा पिताना म्हणाले होते, 'मला असं लटकत ठेवू नका.' मला ते आठवत होतं. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता आई ७६ वर्षांची आहे. २५ वर्षांचा मधुमेह, त्यानं किडन्या निकामी होत चालल्यात. वर्षा-दीड वर्षात डायलिसिसचा विचार करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मागच्या महिन्यात कपाट आवरताना तिनं अण्णांनी घेतलेली इरकल बाहेर काढली आणि म्हणाली, 'मला जाताना ही नेसव. आणि मला सुया टोचत ठेवू नका.' मी साडी तिच्या हातातून ओढून घेतली आणि ओरडले, 'काहीतरी अभद्र बोलू नकोस.' त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही. दादाला फोनवर सांगायला गेले तर तो म्हणाला, 'तू आत्तापासूनच आईला घालवायला निघालीस का?' गणपतीत तो येणार आहे. मला रात्री झोप लागत नाही. आईशी हे कसं बोलू? आणि बोलणं बरोबर तरी आहे का?

— एक लेक"

तुम्ही विचारता, आईशी हे कसं बोलू. बाई, बोलायला तर आईनंच सुरुवात केली आहे. साडी हातात धरून दोन वाक्यांत तिनं तुम्हाला तिच्या मनातलं सांगितलं. तुम्ही घाबरलात आणि तिला गप्प केलंत. तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. घरोघरी असंच होतं. म्हातारं माणूस म्हणतं, 'माझं काय आता, पिकलं पान', की आपण म्हणतो, 'तुम्ही शंभरी गाठणार.' त्यांनी 'हातीपायी धड असताना देवानं न्यावं' म्हटलं की आपण 'शुभ बोला' म्हणतो. आपल्याला वाटतं, धीर दिला. त्यांना मात्र एवढंच कळतं की हा विषय पोरांना झेपत नाही. मग ती पोरांना सांभाळून घ्यायला लागतात आणि मनातलं मनात ठेवतात.

मी मिरजेत ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली ११ वर्षं आयसीयूत. तरी मीसुद्धा हेच केलं आहे, म्हणून तुम्हाला सांगायचा मला थोडा अधिकार आहे. माझ्या सासूबाई वाईला राहायच्या, घाटापासून पाच मिनिटांवर. एका उन्हाळ्यात कुरडया वाळत घालताना त्या मला म्हणाल्या, 'मला कुठं लांब नेऊ नका. ओसरीवर खाट टाका. आणि बांगड्या हातात असू देत, एवढं बघ.' सासरे होते, त्या सवाष्ण होत्या. त्यांच्या दृष्टीनं ही केवढी गोष्ट! मी काय म्हणाले असेन? 'आई, असं बोलू नका हो, तुम्हाला काय झालंय?' रोज मरण बघणारी बाई मी, आणि घरात आलं की तीच भाषा.

तीन वर्षांनी त्यांचं हृदय थकलं, त्यात फुप्फुसात पाणी आणि न्यूमोनिया. आम्ही त्यांना मोठ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. १२ दिवस गेले. तोंडातली नळी त्या ओढायला बघायच्या, म्हणून दोन्ही हात बँडेजनं पलंगाच्या कठड्याला बांधले होते. हातांना सूज आली, म्हणून बांगड्या कापून काढल्या. तिथल्या सिस्टरनं त्या मला खाकी पाकिटात घालून दिल्या. तशी पाकिटं मी स्वतः कितीतरी नातेवाइकांच्या हातात दिली होती. वाईला परतल्यावर सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'बांगड्या होत्या ना हातात?' मी 'हो' म्हणाले. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं.

त्यांना दवाखान्यात न्यायलाच नको होतं, असं मी म्हणत नाही. न्यूमोनिया बरा होऊ शकतो, नेलं ते बरोबरच होतं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी, औषधं लागू पडत नाहीत हे दिसायला लागल्यावर कुणीतरी म्हणायला हवं होतं, 'त्यांना काय हवं होतं, हे मला माहीत आहे.' ते फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कुरडयांबरोबर विसरून गेले होते.

आता अण्णांचं. नवव्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात, हे तुम्हाला खातंय. त्या बोळात डॉक्टर 'पुढं काय करायचं' विचारतात, तेव्हा नातेवाइकांच्या कानांना ते 'तुमचं माणूस जगवायचं की नाही' असं ऐकू येतं. त्यावर 'नको' म्हणायची छाती कुणाची होईल? प्रश्न खरं तर असा विचारायला हवा, 'अण्णा आत्ता इथं उभे राहून हे सगळं बघत असते, तर काय म्हणाले असते?' त्याचं उत्तर तुमच्याकडं होतं. पण ते उत्तर एकट्या लेकीनं, भावासमोर, ऐन वेळी द्यायचं म्हणजे फार मोठं ओझं आहे. ते तुम्हाला उचललं गेलं नाही. आईच्या वेळी ते एकटीवर येऊ नये, म्हणून आत्ता बोलायचं.

कसं बोलायचं? आईला समोर बसवून 'आई, मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय' असं सुरू करू नका. ती घाबरेल, तिला वाटेल रिपोर्टमध्ये काही निघालंय. आपल्याकडच्या बायका हात कामात असताना खरं बोलतात. वाती वळायला बसा दोघी, किंवा गवारी मोडायला. नजर कापसावर असली की जीभ मोकळी होते. आणि आधी माफी मागा. साधीच. 'आई, त्या दिवशी मी साडी ओढून घेतली, मला भीती वाटली गं. तू काय सांगत होतीस?' मग थांबा. ती कदाचित 'काही नाही' म्हणेल. म्हणू द्या. चार दिवसांनी परत वाती वळा.

अण्णांच्या १७ दिवसांवरून सुरू करणं हा दुसरा मार्ग, आणि मला तो जास्त सोपा वाटतो. 'अण्णांच्या वेळी तुला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं?' या प्रश्नात तिच्या मरणाचा शब्दही नाही, पण उत्तर तिचंच येईल. एखादी म्हणेल, 'त्यांना पाणी मागता येत नव्हतं.' एखादी म्हणेल, 'मला आत दहा मिनिटंच सोडायचे.' पहिलीला नळीची भीती आहे, दुसरीला एकटेपणाची. दोघींसाठी करायची तयारी वेगळी.

तिनं 'सुया' म्हटलं आहे. कुठल्या सुया, ते विचारा. रोजच्या इन्सुलिनला ती कंटाळली आहे का? शेजारचं कुणी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातं, ते बघून बोलली का? की अण्णांच्या हातावरचे काळेनिळे डाग तिच्या डोळ्यांपुढून जात नाहीत? आपण आपला अर्थ लावून मोकळे होतो आणि पुढं त्या अर्थावर निर्णय घेतो. आयसीयूच्या बाहेर मी भावंडांना यावरून भांडताना पाहिलंय. आईचं एकच वाक्य, आणि तीन मुलांचे तीन अर्थ.

सगळ्यात जपून ऐकायची गोष्ट आता सांगते. आई 'मला काही नको' म्हणेल. आपल्या आयांना हे वाक्य पाठच असतं. ताटात वाढतानाही त्या तेच म्हणतात. सणाला साडी घेऊ का विचारलं तरी तेच. जन्मभर दुसऱ्यांची सोय बघून 'मला नको' म्हटलेल्या बाईचं हे 'नको' तिच्या मनातलं आहे की तुमच्या रजांची, दादाच्या पैशांची काळजी आहे, हे पारखून घ्यावं लागतं. तिला स्पष्ट विचारा, 'पैसा आणि आमची धावपळ क्षणभर बाजूला ठेव. मग तुला काय हवंसं वाटतं?' कदाचित तिला जगायचं असेल. नातवाचं लग्न बघायचं असेल, त्यासाठी सुयाही सोसायची तयारी असेल. ते निघालं तर तेच तिचं खरं म्हणणं, आणि त्यासाठी पळापळ करायची. या बोलण्याचा हेतू तिच्याकडून 'नको' वदवून घेणं हा नाही, हे दादालाही असंच सांगा.

डायलिसिसबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडं वेळ आहे. तो साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास चालतो. त्यासाठी हातातली शीर धमनीला जोडायची फिस्टुला नावाची छोटी शस्त्रक्रिया करतात आणि ती शीर तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून हा विचार घाईत, दम लागलेला असताना करायचा नसतो. अनेकांना डायलिसिसनं बरी वर्षं मिळतात. पण वय झालेलं, सोबत हृदयाचा किंवा दुसरा मोठा आजार असलेलं माणूस असेल, तर त्यानं वाढणारा काळ कधी कधी थोडाच असतो आणि त्यातले बरेच दिवस दवाखान्याच्या खेपांत जातात. डायलिसिस न करता औषधांवर, पथ्यावर राहून सूज, खाज, मळमळ, दम आटोक्यात ठेवणं हाही एक उपचार आहे. किडनीच्या डॉक्टरांना आईच्या देखत विचारा, 'आईच्या बाबतीत डायलिसिसनं काय फरक पडेल? न केल्यास पुढचे दिवस कसे जातील? सहा-आठ आठवडे करून बघून, नाही मानवलं तर थांबवता येईल का?' हा तिसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. सुरू केलं म्हणजे कायमचं अडकलो, असं मनात बसलेलं असतं. तसं नाही. आणि आई शुद्धीत आहे, तिला समजतंय, तोवर हो-नाही म्हणायचा हक्क तिचा आहे. तिच्या वतीनं तुम्ही किंवा दादानं बोलायची वेळ तिला बोलता येणार नाही तेव्हाच येते.

त्या वेळेसाठी आणखी काही गोष्टी तिला साध्या शब्दांत सांगून ठेवाव्या लागतील. व्हेंटिलेटर कधी कधी चार दिवसांची काठी असतो. आजार बरा होण्यासारखा असेल तर माणूस त्यावरून उतरून घरी येतं. म्हणून 'मशीन नकोच' असं सरसकट लिहू नये. बरं होण्यासारखं काही उरलं नसताना ते चालू ठेवायचं का, हा प्रश्न आहे. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न करतात. टीव्हीवर दिसतं तसं ते नसतं. म्हाताऱ्या हाडांच्या बरगड्या मोडतात, आणि आजारानं आधीच खंगलेलं माणूस त्यातून उठून घरी जाणं फार क्वचित घडतं. असा प्रयत्न करू नये, हे पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून डॉक्टरांनी केसपेपरवर नोंदवून ठेवण्याबद्दल भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नाकातल्या नळीनं अन्न देणं हा आपल्या माणसांना सगळ्यात जड जाणारा विषय. 'उपाशी कसं ठेवायचं?' शरीर मिटत चाललेलं असताना भूक आपोआप जाते. त्या वेळी ओठ ओले ठेवणं, चमच्यानं दोन घोट पाणी, तोंड स्वच्छ पुसणं, यानं त्या जिवाला आराम मिळतो. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

दादाबद्दल. त्याच्यावर रागावू नका. लांब राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला आईचं रोजचं थकणं येत नाही. त्याला गेल्या गणपतीतली आई आठवते आणि त्यानंतर एकदम आयसीयूतली. मधल्या पायऱ्या त्यानं पाहिलेल्याच नसतात. 'सगळं करा' हे त्याचं प्रेमच आहे, आणि जवळ नसल्याची बोचही त्यात आहे. म्हणून आईचं म्हणणं तुमच्या तोंडून त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नका. तुम्ही कितीही खरं सांगितलंत तरी त्याला ते तुमचं वाटेल. तो गणपतीत येतोय, ही संधी आहे. सणाच्या दिवशी नको, गौरी जेवायच्या दिवशी तर नकोच, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. गौरी-गणपती जाऊन घर रिकामं झालं की त्या संध्याकाळी आईलाच त्याच्याशी बोलू द्या. तुम्ही स्वयंपाकघरात जा. दोघं असतील तेव्हा तिची भाषा वेगळी असेल आणि त्याचं ऐकणंही. तो रडेल कदाचित. अण्णांच्या वेळचं त्याच्याही मनात काहीतरी असणार.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून एक गोष्ट ठरवा. आईला बोलता आलं नाही, तर तिच्या वतीनं डॉक्टरांशी कोण बोलेल? हे आईनं सांगायचं, आणि दुसऱ्यानं त्याच्या मागं उभं राहायचं. तुमचं नाव आलं तर दादाला वाईट वाटू शकतं. म्हणून कारणही आईनंच सांगावं.

आता कागद. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण येणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली. लोक त्याला 'लिव्हिंग विल' म्हणतात. मुंबईच्या केईएममधल्या नर्स अरुणा शानभाग आठवतात ना? १९७३ मधल्या हल्ल्यानंतर त्या ४० वर्षांहून जास्त काळ भान हरपलेल्या अवस्थेत पडून होत्या, २०१५ मध्ये गेल्या. २०११ मध्ये त्यांच्या खटल्यातच हा प्रश्न पहिल्यांदा नीट ऐरणीवर आला होता. आम्ही नर्सेस तेव्हा ड्यूटी संपल्यावर त्याबद्दल बोलत बसायचो. केईएमच्या सिस्टर्सनी त्यांना इतकी वर्षं बेडसोअर होऊ न देता जपलं, याचा आम्हाला अभिमान होता. आणि त्यांना स्वतःला काय हवं असेल, ते कुणालाच विचारता येणार नाही, याचं दुःखही होतं.

२०१८ च्या निकालातली कार्यपद्धत फार किचकट होती, सही न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करावी लागे. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ती सोपी केली. आता १८ वर्षांवरच्या, समज शाबूत असलेल्या कुणालाही स्वखुशीनं हा कागद करता येतो. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदार शक्यतो हितसंबंध नसलेले हवेत, आणि नोटरीनं किंवा राजपत्रित अधिकाऱ्यानं तो साक्षांकित करायचा. कोणते उपचार कोणत्या स्थितीत नकोत किंवा थांबवावेत, आणि स्वतःला बोलता येत नसेल तेव्हा कुणी बोलायचं, हे त्यात स्पष्ट हवं. एकाहून जास्त नावं देता येतात, त्यामुळं तुम्हा दोघांचीही देता येतील. आईच्या शब्दांत, साध्या मराठीत लिहा. एक प्रत तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडं, एक महापालिकेकडं. महापालिकेत ती कोण ठेवून घेतं, याची चौकशी आरोग्य विभागात करा. आईचं मन बदललं तर ती हा कागद लेखी कधीही बदलू किंवा रद्द करू शकते, हे तिला आवर्जून सांगा. सही केली म्हणजे हात बांधले गेले, असं तिला वाटायला नको.

हा कागद दाखवला की लगेच मशीन बंद, असं होत नाही. आजार बरा होण्यापलीकडं गेलेला असावा लागतो. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं मंडळ आधी ठरवतं, मग दुसरं मंडळ ते तपासतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. घरच्यांनी इस्टेटीसाठी घाई केली, असं होऊ नये म्हणून ही सगळी काळजी. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा भारतात गुन्हाच आहे. याच्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्या सांगलीत आणखी एक गल्लत होते. इथं जैन शेजारी पुष्कळ, सल्लेखना हा शब्द बऱ्याच जणांच्या ओळखीचा. त्यामुळं हा विषय काढला की लोक म्हणतात, 'म्हणजे तुम्ही सल्लेखनेसारखं करणार?' सल्लेखना हे अन्नपाणी हळूहळू सोडत देह ठेवायचं जैन धर्माचं व्रत आहे, त्यामागं वेगळी साधना आहे, आणि ज्यांचं ते आहे त्यांचा मला आदर आहे. तुमच्या आईचा कागद हा वैद्यकीय उपचारांबद्दलचा आहे. मावश्या-काकवांनी विचारलं तर एवढंच सांगा. त्यांच्यातली एखादी 'पोरांनी आईला औषध केलं नाही' असंही म्हणेल. त्या दिवशी आईच्या सहीचा कागद आणि भावाची साथ, दोन्ही तुमच्याजवळ असू देत. २०१९ च्या पुरानंतर आपण बऱ्याच जणांनी महत्त्वाच्या कागदांची एक प्लॅस्टिकची पिशवी हाताशी ठेवायला सुरुवात केली. हा कागद त्या पिशवीत, सगळ्यात वर ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये नको. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही.

नळ्या नको म्हटलं म्हणजे काळजी थांबली, असं कधीच समजू नका. त्या टप्प्यावर काळजीचं काम वाढतं. डॉक्टरांना 'उपशामक उपचार' किंवा 'पॅलिएटिव्ह केअर' मिळतील का, असं याच शब्दांत विचारा. दुखणं, दम, उलटी, अस्वस्थपणा यांवर औषधं आहेत. मॉर्फिनचं नाव ऐकून लोक दचकतात, पण जाणकार डॉक्टरांच्या हातात ते शेवटच्या दिवसांतल्या वेदनेवर आणि दम लागण्यावर मोठा उतारा आहे. किडनीच्या पेशंटला त्याचं प्रमाण किंवा औषधच बदलावं लागतं, म्हणून ते जाणकारानंच द्यायला हवं. केंद्र सरकारनं २०१२ पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे. तुमच्या सिव्हिलमध्ये काय सोय आहे, ते जाऊन विचारून या. फोनवर अर्धवट उत्तरं मिळतात.

आईनं घरीच राहायचं म्हटलं, तर घरी यायला तयार असलेला डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. हे मी फार कळकळीनं सांगते. पहाटे श्वास बदलतो, घरची घाबरतात, १०८ ला फोन जातो, आणि नको होतं तेच सगळं सुरू होतं. शेवटचा श्वास कसा लांबतो, थांबतो, पुन्हा येतो, हे घरच्यांना कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असलं तर ती हात धरून बसू शकतात. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला आजारपणात बघणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो, म्हणून आईला ओळखणारा डॉक्टर हवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत महापालिकेत करायची. नेत्रदान करायचं का, तेही एकदा विचारून ठेवा. साधारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून लगेच कळवावं लागतं, आणि घरच्यांची संमती लागते.

हे सगळं एका बैठकीत करायला जाऊ नका. कागदाला महिना-दोन महिने लागले तरी चालतील. पण एक गोष्ट उद्याच करा. ती इरकल तुम्ही कुठं ठेवलीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या कपाटात असेल तर बाहेर काढा, एक दिवस सावलीत वारा लागू द्या आणि आईच्या हातात परत द्या. त्यावरची चोळी कुठली, तेही तिला विचारून घ्या. माझ्या सासूबाईंची आम्हाला त्या दिवशी सापडली नव्हती.